तलमडुगूच्या पडीतात पडलेली विमानं

आमची विमानं हवेत राहतात पाच मिनिटं आणि गप्पांत वर्षानुवर्षं! एक पडलं की एक किस्सा जमा. आदिलाबादला आम्ही तिघं या नादाला लागलो: कॉलेजात फिजिक्स शिकवणारी मी, भांड्यांचं दुकान चालवणारे गजाननभाऊ आणि बँकेतून रिटायर झालेले पाठकसाहेब. रविवारी सकाळी तलमडुगूजवळच्या पडीत रानात रिमोटची छोटी विमानं उडवायची, पाडायची आणि आठवडाभर चिकटवत बसायचं. दर वेळी उचलून देणारं कोणीतरी भेटलं, हे मात्र आमचं नशीब!

*

गजाननभाऊंचं पहिलंच उड्डाण. रिमोटची काडी डावीकडे ढकलली, विमान उजवीकडे!

"म्याडम, हे काऊन ऐकून नाही राह्यलं?" म्हणत त्यांनी काडी आणखी डावीकडे दाबली. विमान आणखी उजवीकडे वळलं आणि शेजारच्या जवारीत गुडूप. वायरी उलट्या जोडल्या होत्या!

तासभर शोधलं. शेवटी शेताच्या मालकीणबाईच पदरात विमान गुंडाळून बांधावर आल्या. आम्ही बोलणी खायच्या तयारीत उभे.

"तुमचं पाखरू घ्या वो," त्या म्हणाल्या, "पंख मोडला हाय. हळद लावू का?"

*

पाठकसाहेबांचा कारभार बँकेतला. उडवण्याआधी वहीतली यादी मोठ्यानं वाचायची. बॅटरी? टिक. वारा? टिक. एकदा अशी अख्खी यादी झाली, विमान झोकात वर गेलं आणि पंख एकीकडे, धड दुसरीकडे! पंख बांधायचे रबरबँड साहेबांच्या मनगटावरच राहिले होते.

धड दाणकन आदळलं. पंख मात्र गिरक्या घेत कितीतरी वेळ वरच.

साहेब मान वर करून म्हणाले, "पण पंख काय सुंदर उडतोय!"

*

एकदा गुडीहत्नूरला गेलो. मैदान हायवेपासून चांगलं लांब निवडलं होतं, पण वाऱ्याला कोण सांगणार? त्यानं विमान नेलं ते थेट कापसाच्या ट्रकवर. ट्रक चालला निघून! गजाननभाऊंनी मोटरसायकल काढली, मी मागे बसले. ट्रक थांबला एका ढाब्यावर.

ड्रायव्हरला काहीच पत्ता नव्हता. ऐकून तो पोट धरून हसला, स्वतः वर चढला आणि लेकरू उतरवावं तसं विमान खाली दिलं. वर चहाही पाजला. "मेहमान हवा से आया है!"

गजाननभाऊंनी विमान उलटसुलट करून पाहिलं. साधा ओरखडाही नाही.

"म्याडम," ते गहिवरून म्हणाले, "हे आपलं पयलं नीट लँडिंग!"

*

नाक मोडलेलं एक विमान मी निर्मलला खेळणी करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरांकडे नेलं. त्यांनी हलक्या लाकडाचं नाक कोरलं, पोपटी रंग दिला आणि वर दोन टपोरे डोळे काढले.

मी विचारलं, "आँखें क्यों?"

"मॅडम, आँख नहीं होगी तो गिरेगा ही ना!"

वीस वर्षं फिजिक्स शिकवतेय. तरी ते डोळे तसेच ठेवले.

*

मग पाठकसाहेबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळू लागलं. आम्ही गेलो की भिंतीकडे तोंड करायचे. एकदा म्हणाले, "विमानं... तुम्हीच घेऊन जा."

गजाननभाऊंनी विमान नेलं नाही, रिमोट नेला. वळवण्याची सगळी कामं डाव्या काडीवर आणली, वेग एका बटणावर. मग रोज साहेबांकडे जाऊन बसायचे.

"साहेब, दोन रिमोट जोडले. तुमचा हात चुकला का मी माह्यावरून सांभाळतो. तुमी फक्त या."

दोन महिने "नाही, नाही" चाललं. शेवटी एका रविवारी पाठककाकू त्यांना घेऊन आल्या. साहेब खुर्चीत, रिमोट गळ्यात अडकवलेला. गजाननभाऊ मागे उभे, दुसरा रिमोट हातात. मी विमान हातानं सोडलं.

वर गेलं, डगमगलं, एका अंगाला कललं.

"गजानन!" साहेब ओरडले.

"हाव ना, हाय मी!"

विमान सावरलं. एक फेरी. दुसरी फेरी. काकूंनी पदर तोंडाला लावला. उतरताना एक चाक तुटलं, पण त्याचं कोणाला काय!

साहेबांनी डावा हात गजाननभाऊंच्या हातावर ठेवला. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "छान... सांभाळलंस... रे."

गजाननभाऊ नुसते मान हलवत राहिले.

सामान भरताना मी गजाननभाऊंचा रिमोट उचलला. हाताला फारच हलका लागला. मागचं झाकण काढलं. बॅटरीची जागा रिकामी.

मी गजाननभाऊंकडे पाहिलं.

"म्याडम," ते हळूच म्हणाले, "झाकण लावून ठेवा."