जिभेवरची सुई

शिगेचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. बंदरावर कुपा मासा उकडायच्या भट्ट्या चारला पेटायच्या, पहिल्या ओल्या लाकडाचा धूर भिंतीच्या फटीतून आत यायचा आणि ती उठायची. खोली पूर्वी मिठाची कोठी होती. खिडकी नव्हती. आंधळ्या बाईला खिडकी कशाला, म्हणून मालकाने भाडं कमी सांगितलं होतं, आणि तिलाही ते पटलं होतं.

उठल्यावर आधी शेगडी, मग सुया. चांदीच्या, केसाहून थोड्या जाड. एकेक सुई ती अंगठ्याच्या नखावर ओढून सरळ करायची आणि मग तिचं टोक जिभेवर टेकवायची. टोक जरासं जरी वळलेलं असलं तरी आत जाताना कळत नाही, बाहेर येताना मांस ओढतं. ते वळण बोटाला लागत नाही, जिभेला लागतं. चांगली निघालेली सुई ती ओठांत धरून ऊब द्यायची. गार सुईने अंग दचकतं. गुरुजींनी असंच शिकवलं होतं, आणि त्यांना त्यांच्या गुरुजींनी.

उजाडायच्या आत सुया टोचून दुखणं घालवायला हमाल यायचे. बर्फ आणि मासळीच्या पाट्या वाहून कंबर धरलेली माणसं. शिगे पाठीवरून बोट फिरवायची, बोट थांबेल तिथे छोटी नळी उभी करायची, नळीत सुई सोडायची आणि सुईच्या नळीबाहेर राहिलेल्या टोकावर तर्जनीने हलकी टिचकी मारायची. नळी आंधळ्यांच्या कामासाठीच आहे. नेम तिच्यावर सोपवला की डोळ्यांचं काम उरत नाही. हमालाला हे काम हलकं वाटतं. पण ओझं उचलताना बळ लावायचं असतं आणि इथे बळ असून ते लावायचं नसतं. त्यानेही खांदा भरून येतो.

शिगे सहा वर्षांची असताना गोवराने तिचे डोळे गेले. बापाने तिला गुरुजींच्या दारात नेऊन सोडलं. तिथे तिने आधी कोंड्याच्या उशीवर हात बसवला, मग स्वतःच्या मांडीवर, मग माणसांवर. गुरुजी वारल्यावर ती वर्षभर भावाकडे राहिली. तिथे कोणी उपाशी ठेवलं नाही. पण वहिनी जेवणाचं वाडगं चटईवरून पुढे सरकवायची, हातात कधी द्यायची नाही. त्या घासण्याचा आवाज शिगेला पुरला. तिने मिठाची कोठी भाड्याने घेतली आणि पुन्हा त्या घरी जेवायला गेली नाही.

युद्ध हरल्यानंतरचं तिसरं वर्ष होतं. रताळी खाऊन सगळ्यांची पोटं फुगलेली होती. अशात एका सकाळी गिंझोकाका काठी आपटत आला. बंदरावरच्या आंधळ्या सुईवाल्यांचा आणि मालिशवाल्यांचा तो पुढारी, स्वतःही जन्माचा आंधळा.

"शिगे, सुया बंद होणार," तो म्हणाला. "जिंकलेल्या लष्कराच्या गोऱ्या डॉक्टरांनी राजधानीत सांगितलंय. म्हणे हे घाणेरडं काम आहे, आणि आंधळ्यांनी तर मुळीच करू नये. मालिश तेवढं चालेल."

शिगेने उजवा अंगठा चोळला. ऐन तारुण्यात मालिश करून त्याचा सांधा गेला होता. आता दोन पाठी रगडल्या की तिसरीला अंगठा उभा राहत नसे. ती जगत होती सुईवर. सुई गेली की पुन्हा चटईवर घासणारं वाडगं.

"मग आपण काय करायचं?" तिने विचारलं.

"इथला आरोग्य अधिकारी सभा घेणार आहे. वर कळवायचं आहे त्याला. कोणी म्हणतं बंद करा, कोणी म्हणतं परीक्षा घेऊन परवाने द्या. मला विचारशील तर दोन्ही नको. सरकार आपल्या खोलीत आलं की चटईसुद्धा त्याची होते."

"परवाना दिला तर वाईट काय?"

"परीक्षा कागदावर घेतील. डोळस पास होतील आणि आपण मालिशचं गिऱ्हाईक बोलवायला दारात शिट्ट्या वाजवत बसू." मग त्याने आवाज उतरवला. "आणि ऐक. जिभेचं कोणी बोलायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, छे, तोंडात सुई? कोणी सांगितलं?"

सभा शाळेच्या लाकडी हॉलमध्ये झाली. आरोग्य अधिकारी इकेजिरी नावाचे डॉक्टर होते. आवाज दमलेला, पण चढा नाही. त्यांनी सरळच विचारलं, "सुया तोंडात धरतात असं वर लिहून गेलंय. खरं आहे का?"

"छे," गिंझोकाका म्हणाला. "जुन्या काळच्या गोष्टी आहेत त्या, साहेब."

"बरं. मग सुईचं टोक ठीक आहे की नाही, हे डोळ्यांशिवाय कसं कळतं?"

हॉलमध्ये काठ्या सरकल्याचा आवाज झाला.

"सवयीने," गिंझोकाका म्हणाला.

"सवयीला परवाना कसा देऊ? सवय मला तपासता येत नाही. मी बंदीच्या बाजूचा नाही, पण वर लिहायला काहीतरी हवं ना. 'सवय' लिहिलं तर बंद करतील, आणि मला त्यांना चूक म्हणता येणार नाही."

शिगेला स्वतःच्या तोंडात चांदीची चव लागली. ती उभी राहिली.

"जिभेने कळतं," ती म्हणाली. "मी रोज जिभेनेच बघते. इथले बहुतेक सगळे तसंच करतात."

मागून कोणीतरी तिच्या किमोनोची बाही ओढली. तिने ती सोडवून घेतली.

"बाई, त्याने रोग पसरतो," डॉक्टर म्हणाले. "एकाच्या अंगातली सुई तुमच्या तोंडात, तोंडातली दुसऱ्याच्या अंगात."

"मी धुऊन घेते."

"धुऊन भागत नाही. उकळावी लागते. आणि उकळल्यावर जिभेला लावली तर उकळली काय, न उकळली काय."

हे शिगेला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, पण ऐकताक्षणी पटलं. मासळीवर माशी बसते आणि तीच मग भातावर बसते, तसं होतं हे.

"मग जीभ सोडते," ती म्हणाली. "टोक ओळखायची दुसरी रीत काढते. मला मुदत द्या. आणि परीक्षा घ्या, पण तोंडी घ्या आणि हातांची घ्या. परवाना नाही तोवर आम्हाला कोणी काही विचारत नाही. आज पहिल्यांदा कोणी विचारलं, तर चूक कळली."

डॉक्टर म्हणाले, "महिनाअखेर अहवाल धाडायचा आहे. त्याआधी पुन्हा येईन."

बाहेर पडल्यावर गिंझोकाकाने काठीने तिची वाट अडवली.

"सुई तोंडात ठेवायचीस ते ठेवायचीस," तो म्हणाला, "जीभ तरी तोंडात ठेवायची."

"तुम्हीही ठेवता, काका."

"मी ते चारचौघांत सांगत नाही."

बातमी तिच्याआधी बाजारात पोचली. मासळीवाल्या बायका तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "थुंकीची सुई आली बघ." हमाल कमी झाले. एक तामेकिची तेवढा येत राहिला. बर्फाच्या लाद्या ओढणारा, पाठ दाराएवढी.

"ताई, इतकी वर्षं तुझं उष्टं पाठीत घेतोय मी," तो पालथा पडून म्हणाला. "म्हणजे आपलं लग्नच लागलंय की."

"लग्न लागलं असतं तर एवढी बारीक सुई वापरली नसती. गप पड."

पण एका पाठीवर पोट भरत नाही. शिगे मालिशला जाऊ लागली. खाणावळीत उतरलेल्या व्यापाऱ्यांच्या मांड्या ती कोपराने रगडायची, अंगठा मिटून. घरी आल्यावर हात गरम पाण्यात बुडवून बसायची आणि मग सुया काढायची.

जीभ सोडणं बोलायला सोपं होतं. पहिले काही दिवस तिचा हात आपोआप तोंडाकडे जायचा. तिने ओठांना मिरपूड लावून ठेवली. बोटाच्या पेराने बघितलं, कळलं नाही. नखावर टोक घासलं, तर चांगलं टोकही बोथट झालं. हाताच्या पाठीवर, कानाच्या पाळीवर, सगळीकडे लावून पाहिलं. पापणीवर टेकवून बघितली तेव्हा कळलं थोडं, पण पापणी काही उकळता येत नाही.

रीत सापडली ती किमोनोची कॉलर शिवताना. आतल्या अस्तराला आईच्या जुन्या रेशमाची पट्टी होती. शिवायची सुई गंजलेली, टोक वळलेलं. तिने ती मागे ओढली तेव्हा रेशीम टचकन वाजलं. हाताला काही लागलं नाही, कानाला लागलं. शिगे थांबली. पुन्हा ओढली. पुन्हा टचकन आवाज.

तिने पट्टी उसवली, सुयांबरोबर पातेल्यात उकळली, थंड झाल्यावर दोन बोटांत ताणून धरली. मुद्दाम टोक वळवलेली चांदीची सुई आरपार घालून मागे ओढली. आवाज झाला, पण इतका बारीक की बंदरावर भोंगा वाजला तर बुडून जावा. चांगली सुई ओढली. गप्प. मग ती रोज तेच करत बसली. शेजारी जाळी विणणाऱ्यांची बडबड सुरू व्हायच्या आत, पहाटेच्या शांततेत, एकामागून एक. पट्टी भोकाभोकांची झाली की नवी कापायची. कॉलरचं अस्तर संपलं तेव्हा बाहीचं काढलं.

डॉक्टर पुन्हा आले त्या दिवशी हॉल भरलेला होता. डॉक्टरांनी स्वतःच्या डबीतून काही सुया काढल्या. काहींची टोकं त्यांनी बिघडवली होती. शिगेने हात धुतले, स्पिरिटने पुसले, पट्टी ताणली. पहिली सुई ओढली. मागे कोणी खोकलं. दुसरी ओढली. काठी पडली.

तिने हात खाली घेतले. "मला ऐकू येत नाही."

"एवढंच असेल तर सुई कानात धरून ठेव," मागून कोणीतरी म्हणालं, आणि हसू फुटलं.

गिंझोकाकाने काठी जमिनीवर आपटली. "गप बसा रे. बाई काम करतेय."

हसू थांबलं. शिगेने पहिल्यापासून सुरुवात केली. वाईट वाटलेल्या सुया डावीकडे, उरलेल्या उजवीकडे. तिची मान ताठ झाली होती आणि पाठीवरून घाम ओघळत होता. शेवटची सुई ठेवल्यावर डॉक्टरांनी भिंग लावून दोन्ही बाजू पाहिल्या.

"यातली एक चांगली होती. टाकलीत तुम्ही."

"आणि वाईट कुठली ठेवली?"

"ठेवली नाही."

"चांगली टाकली तर माझं नुकसान, साहेब. वाईट ठेवली तर माणसाचं. माझं चालेल."

डॉक्टरांनी मग स्वतः डोळे मिटून पट्टीवर सुई ओढून पाहिली. दोनतीनदा ओढली. "मला नाही ऐकू येत," ते म्हणाले. "पण रीत तपासण्यासारखी आहे. लिहितो. आणि तोंडी परीक्षेचंही लिहितो."

एका बंदरातल्या एका बाईमुळे कायदा होत नाही. गावोगावचे आंधळे त्या सुमारास रस्त्यावर उतरले होते, आणि इकेजिरींसारखे अहवाल आणखीही कोणी लिहिले असतील. वर्ष संपता संपता कायदा आला. सुई राहिली. शिकायचं, परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, आणि आधीपासून काम करणाऱ्यांनाही तपासून घ्यायचं. आंधळ्यांना वगळलं नाही.

कायद्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी गिंझोकाका शिगेच्या दारात आला. बराच वेळ भट्ट्यांच्या धुराबद्दल बोलला. मग म्हणाला, "ती पट्टी. रेशीमच लागतं की सूत चालतं?"

"सूत बोलत नाही. बसा, काका. दाखवते."

"माझे कान म्हातारे झालेत."

"मग रोज या. पहाटे."

तो आला. बडबडत आला, चुकला की सुईला शिव्या दिल्या, पण आला. त्याचा हात तोंडाकडे गेला की शिगेला बाहीच्या सळसळीवरून कळायचं आणि ती नुसती खाकरायची.

परवान्यासाठी शिगेची तोंडी परीक्षा झाली, हातांची झाली. दोन्हींत ती उतरली. मग खोली बघायला इकेजिरींच्या हाताखालचा माणूस आला. त्याने उकळायचं पातेलं पाहिलं, झाकण उचलून पाहिलं, चटई पाहिली.

"बाकी ठीक आहे," तो म्हणाला. "खिडकी कुठे आहे?"

"खिडकी नाही."

"मग परवाना देता येणार नाही, बाई. उपचाराच्या खोलीत हवा हवी, उजेड हवा."

"मी आंधळी आहे."

"पेशंट आंधळे नाहीत. सुई टोचलेल्या जागी रक्त आलं तर त्यांना दिसायला नको का?"

शिगेला ते पटलं. ती म्हणाली, "खिडकी बसवते."

मालक म्हणाला, भिंत फोडायची तर तुझ्या खर्चाने, आणि काच तर काळ्या बाजारातसुद्धा नाही. शिगेने वाद घातला नाही. खिडकी होईपर्यंत खोलीत सुई चालणार नव्हती. उरलं मालिश. सगळा हिवाळा ती खाणावळीत जात राहिली, कोपराने, मुठीने, टाचेने, अंगठा वाचवत. थंडीत भट्टीवाल्यांचे खांदे लाकडासारखे व्हायचे. तेही तिने घेतले. रात्रीच्या जेवणाला सातूची पेज आणि मुळ्याचं लोणचं, मासळी नाही. तामेकिची म्हणायचा, "ताई, सुईशिवाय आपल्या लग्नात मजा नाही." ती त्याच्या पाठीत कोपर जरा जोरात घालायची.

वसंतात एक फुटकी होडी मोडीत निघाली. तिच्या सुकाणूच्या खोलीची काच तामेकिचीने पाठीवर वाहून आणली. काचेचे पैसे शिगेने होडीवाल्याला दिले, भिंत फोडायचे सुताराला. सुताराने चौकट बसवली आणि विचारलं, "कडी आतून की बाहेरून?"

"आतून," शिगे म्हणाली. "मला उघडता यायला हवी."

परवाना त्यानंतर आला. तो तिने दारामागे खिळ्याला लावला. पहाटे चारला भट्ट्या पेटल्या, तिने शेगडीवर पातेलं ठेवलं, त्यात सुया आणि रेशमाची पट्टी सोडली, आणि कडी काढून काच ओढली. धूर एकदम अंगावर आला. धुरामागे होड्यांची इंजिनं होती, आणि बर्फाच्या गाडीवर तामेकिची कोणाला तरी शिव्या देत होता. फटीतून हे सगळं ऐकू येत नसे.

तिच्या त्या हिवाळ्यातल्या मजुरीतून आलं ते हेच: मिठाच्या कोठीला एक खिडकी, जुन्या होडीच्या काचेची, आत उघडणारी.