मालूकाकीने घरी आणलेलं भेकराचं पाडस

मालूकाकी माझी चुलत सासू. धसईच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आमचा पाडा. तिच्यासारखी कामाची बाई पाड्यात दुसरी नव्हती, पण नाव निघायचं ते तिच्या थोरल्या जावेचं, भिमीकाकीचं. घरट्यातून पडलेलं पिल्लू कुणाला सापडलं की न्या भिमीकाकीकडे. तिने जगवलेला ससा दिवसभर तिच्या पायांत घोटाळायचा. मालूकाकीची स्वतःची शेळीसुद्धा सुटली की भिमीकाकीच्याच ओट्यावर जाऊन उभी राहायची.

"माज्या हाताला काय काटे हायत?" असं म्हणत मालूकाकी तिला दाव्याला धरून ओढत आणायची.

मी लग्न होऊन आले ते साल शहाण्णव. दिवाळीनंतर माळावर गवताची कापणी चालली होती. मी मालूकाकीच्या शेजारच्या पातीला होते. एकदम तिचा विळा थांबला. गवतात भेकराचं पाडस अंग चोरून बसलं होतं. पाठीवर पांढरे ठिपके. हलत नव्हतं, ओरडत नव्हतं, नुसतं बघत होतं.

आमच्याकडे रीत आहे. कापताना असं पिल्लू दिसलं की त्याच्याभोवतीचं गवत तसंच उभं सोडायचं आणि शेंड्यांना गाठ मारायची, म्हणजे दुसरं कुणी तिथे विळा घालत नाही. आई चरायला गेलेली असते, ती परत येते. मालूकाकीला हे काय माहीत नव्हतं? पण तिने माळाच्या टोकाला भिमीकाकी कापत होती तिकडे एकदा बघितलं.

"पोरकं हाय गो बिचारं," ती मला हळूच म्हणाली. "वैनीला सांगू नको."

तिथलं गवत तिने बुडापासून साफ कापलं, पाडस लुगड्याच्या ओच्यात घेतलं आणि घरी आली.

घरी त्याला बाळंतिणीच्या पोरासारखं हळद-तेल लावलं. मांडीवर घेऊन शेळीचं दूध बोंडल्याने पाजायला बसली. तिचे यजमान देवरामकाका म्हणाले, "बारशाला मला बोलाव म्हंजे झालं!" पण पाडस काही दूध घेईना. तोंडाच्या कडेने सगळं बाहेर. दुपार उलटली तशी त्याची मान लुळी पडायला लागली. मी मनातल्या मनात म्हसोबाला हात जोडले.

तेवढ्यात भिमीकाकी दारात. तिला बघून मालूकाकीने पाठ फिरवली.

"कुठं घावलं गो मालू?"

"मला घावलं."

"त्याची आय तिथंच आसल. पोचवून ये, नाय तर मरल ते."

"तुजा ससा तू पोचवलास काय?"

"त्याच्या आयला कुत्र्यांनी फाडलेली मी डोळ्यांनी बघितली. याची आय मेलेली तू बघितलीस?"

मालूकाकीने पाडस आणखी उराशी ओढलं.

"दे, मी नेते."

"हात नको लावू! माजं मी नेते."

मी तिच्या मागोमाग गेले. माळावर बघते तर सगळं उघडं. लपायला पाडसाला काडी नाही, आणि ती जागा तिनेच बोडकी केलेली. वखारीत विकायला बांधलेले स्वतःचे भारे तिने सोडले, गवत त्याच्याभोवती उभं रचलं आणि आम्ही लांब ऐनाच्या झाडामागे बसलो.

ऊन उतरलं. करवंदीच्या जाळीतून भेकर एकदा भुंकलं. मग थांबत थांबत, कान हलवत मादी आली. तिने पाडसाला हुंगलं, चाटलं. दुपारपासून मान टाकलेलं ते पाडस धडपडत उठलं आणि तिच्या कासेला ढुश्या द्यायला लागलं.

मला भरून आलं. मालूकाकी मात्र त्या मादीकडे अशी बघत होती, जशी भिमीकाकीकडे बघायची.

"दिवसभर उराशी धरलं," ती म्हणाली, "एक थेंब घेतला नाय माज्याकडनं."

परतताना भिमीकाकी वाटेतच उभी होती. "घेतलं का गो आयने?"

"घेतलं. माजी हळदपण चाटून खाल्ली मेलीने."

भिमीकाकी हसत सुटली. मालूकाकी तिच्याकडे न बघता पुढे गेली आणि तिने दार लावून घेतलं.

त्या हिवाळ्यात डोंगरात भेकर भुंकलं की मालूकाकी हातातलं काम थांबवून म्हणायची, "वरड, वरड. तुलाच मिळालं सगळं!"