बीजगणित दोन : चालू आहे

व्हर्लीन स्ट्रिकलरच्या शाळेत मुख्याध्यापिका, शिक्षिका, कारकून आणि स्वयंपाकीण एकच होती, आणि ती सपाता घालून फिरायची. अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या डोंगराळ भागात, शेळ्यांच्या गोठ्याला लागून असलेल्या घराचं स्वयंपाकघर हीच शाळा. तिची थोरली दोन मुलं इथेच शिकून मार्गी लागली होती. आता उरली होती शेंडेफळ मर्सी.

मर्सीला जनावरांच्या डॉक्टरची मदतनीस व्हायचं होतं. तालुक्याच्या कॉलेजात तसा अभ्यासक्रम होता, आणि कॉलेजला हवं होतं गुणपत्रक. घरीच शिकवणाऱ्या आईबापांनी ते स्वतःच करायचं असतं, म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी व्हर्लीन संगणकापुढे बसली. इंग्रजी झालं, इतिहास झाला. जीवशास्त्राला तर तिने डोळे मिटून वरची श्रेणी दिली. अडलेल्या शेळीच्या पोटातून करडू सोडवणाऱ्या पोरीला दुसरं काय द्यायचं? मग गणिताची ओळ आली आणि तिची बोटं थांबली.

बीजगणिताचं दुसरं पुस्तक लॉगॅरिदमच्या धड्यापाशी बंद पडलं होतं. गेल्या वसंतात एकीपाठोपाठ एक शेळ्या व्यायल्या, आणि पुस्तक जे मिटलं ते मिटलंच. निमित्त शेळ्यांचं. खरं म्हणजे तो धडा बघून मायलेकी दोघींनाही धडकी भरली होती.

"काय लिहू गं?" व्हर्लीनने विचारलं.

"'बीजगणित, शेळ्या व्यायला लागेपर्यंत' असं लिही," मर्सी पावासारख्या मऊ बिस्किटावर ग्रेव्ही ओतत म्हणाली.

"मस्करी नको. कॉलेजात जायचंय हे."

"मग 'बीजगणित, निवडक आणि सोपं'!"

व्हर्लीनला हसू आवरेना. तेवढ्यात ट्रॅक्टर दुरुस्त करून तिचा नवरा ड्वेन कॉफीसाठी आत आला. त्याने काळे हात पुसत पडद्यावर नजर टाकली. "'बीजगणित दोन' लिहिता कशाला? 'पावणेदोन' लिहा की," तो म्हणाला, आणि मर्सीच्या नाकातून दूध आलं.

हसून झाल्यावरही ओळ रिकामीच होती. शेवटी व्हर्लीनने लाइल ॲम्सलरला फोन लावला. चर्चच्या गायकवृंदात तो तिच्या मागच्या रांगेत खर्जात गायचा, आणि आठवडाभर सरकारी शाळेत गणित शिकवायचा. आपण पुस्तक संपवलं नाही हे सांगताना तिचे कान तापले.

 पलीकडून लाइल एवढ्या मोठ्याने हसला की मर्सीला टेबलापलीकडे ऐकू आलं. "अगं बाई, पुस्तक संपवतं कोण? इतकी वर्षं शिकवतोय, शेवटचा धडा मी पोरांना एकदाही दाखवलेला नाही. पास्टरला सांगू नकोस."

"म्हणजे विषय पूर्ण केल्याचं क्रेडिट लिहू?"

"बहुतेक पुस्तक झालं असेल तर बेलाशक लिही. अर्धंच झालं असेल तर अर्धं क्रेडिट. आणि अजून करणार असाल, तर नावापुढे 'चालू आहे' लिही, श्रेणीची जागा मोकळी सोड. कॉलेजवाल्यांना त्याची सवय असते. कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवायला ते तशीही चाचणी घेतात."

फोन ठेवल्यावर व्हर्लीनने लेकीकडे पाहिलं. "बोल. पूर्ण, अर्धं, की चालू?"

मर्सीने फळीवरचं पुस्तक काढलं, फुंकर मारून धूळ आईच्या अंगावर उडवली आणि म्हणाली, "चालू. पण तूही बसायचंस माझ्याबरोबर. एकटी मी मरणार नाही."

अर्ज गेला, आणि बीजगणित खरोखरच चालू झालं. पहिले काही दिवस डोक्यात नुसता चिखल. मग एका दुपारी, शेंगांची भाजी ढवळता ढवळता, व्हर्लीन मध्येच ओरडली, "अगं, हे लॉगॅरिदम तर उलटं विचारतंय! दहाचा कितवा घात केला की हजार येतात, एवढंच तर विचारतंय मेलं!"

"तिसरा!"

"आणि दहा हजाराला?"

"चौथा! मॉम, भाजी!"

भाजी करपली. दोघी टेबलाभोवती गिरकी घेत होत्या. खिडकीतून ड्वेनने पाहिलं आणि तो मुकाट्याने परत गोठ्यात गेला.

कॉलेजातल्या चाचणीच्या दिवशी व्हर्लीन फक्त गाडी चालवायला गेली होती. खोलीबाहेरच्या खुर्चीवर ती विणकाम काढून बसली, तशी चाचणी घेणारी जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याची बाई म्हणाली, "तुम्ही नुसत्याच बसणार? आत संगणक रिकामा आहे. चाचणी फुकट असते, कुणीही द्यावी."

"मी? छे, मी शिकवणारी."

"मग तर याच," असं म्हणत तिने दार उघडून धरलं.

मर्सीने मान वर केली तर शेजारच्या संगणकापुढे आई, मांडीवर लोकरीचा गुंडा. मर्सीचे खांदे हसण्याने गदगदायला लागले, तशी व्हर्लीनने टेबलाखालून तिला लाथ मारली.

निकाल तिथल्या तिथे मिळाला. दोघींनाही एकच वर्ग : कॉलेजचं बीजगणित, थेट. आधीचे तयारीचे वर्ग दोघींनाही लागणार नव्हते. मर्सीने गाड्यांच्या तळावर आईला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघी घसरून बर्फात बसल्या.

"पण मला कॉलेजात नाव थोडंच घालायचंय," व्हर्लीन डोळे पुसत म्हणाली. हसून हसून पाणी आलं होतं. "या वयात!"

"का नाही? शेळ्या डॅड बघेल."

व्हर्लीन उठली, कोटाचा बर्फ झटकला आणि गाडीकडे जायच्या ऐवजी वळून कॉलेजच्या दाराकडे चालायला लागली. आधी हळू, मग जवळजवळ पळतच.

"मॉम!" मर्सी मागून ओरडली. "वर्गात माझ्या शेजारी बसायचं नाही हं!"

"पुढच्या बाकावर बसणार आहे मी!" व्हर्लीन दारातून ओरडली.