नेटवर ठेवलेली आत्याची गाणी

नारपोलीच्या आमच्या घराला लागूनच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना होता. सगळे लूम एकदम सुरू झाले की आमच्याकडचा दिवा मंदावायचा. विजेच्या त्या खेळात आमच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क जळाली आणि भावाच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. दुरुस्तीवाल्याने डिस्क कानाजवळ हलवून बघितली आणि म्हणाला, "इसमें अब कुछ नहीं है, बहन." घरात कुणी मला बोललं नाही, पण फोटो कॉम्प्युटरमध्ये घालून ठेवायचा हट्ट माझा होता.

म्हणून पुढे आत्याची गाणी हाती आली तेव्हा मी ती घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायला तयार नव्हते.

माझी आत्या धवलारीण. आमच्या आगरी लग्नात धवलारीण हळदीपासून बोळवणीपर्यंत प्रत्येक विधीला गाणं म्हणते. ज्या विधीचं गाणं त्या विधीलाच, मागंपुढं नाही. ही गाणी आत्याने सासूकडून घेतली होती आणि कुठे लिहिलेली नव्हती. मी तेव्हा एका गोदामाच्या ऑफिसात बिलं टाईप करत होते. पहिल्या पगारातून रेकॉर्डिंग होणारा मोबाईल घेतला आणि आत्याच्या मागे लागले. ती कितीतरी दिवस नाही म्हणाली. शेवटी एका रविवारी दुपारी आमच्या घरी येऊन भिंतीला टेकून बसली.

"वेळेबिगर गायाची नसतात ही," ती म्हणाली. "तू म्हंतेस म्हनून गाते. पन घराभायेर जाया नको."

"नाही जाणार," मी म्हटलं.

ती संध्याकाळपर्यंत गायली. मागून लूमची खटखट येत होती, त्याला इलाज नव्हता. बोळवणीच्या गाण्याला तिचा आवाज भरून आला. मध्येच खोकला लागला तेव्हा ती मला म्हणाली, "थांब गं, पानी दे." तेही रेकॉर्ड झालं. मी ते काढलं नाही, कारण मला ते आवडलं होतं.

धामणकर नाक्यावर एका सायबर कॅफेत माझी मैत्रीण कामाला होती. शाळेपासूनची. डबा एक, पुस्तकं एक, ताप आला तर दोघींना एकदम. इंटरनेटवर फुकटात फाईल ठेवता येतात हे मला तिनेच सांगितलं होतं. शनिवारी कामावरून सुटले की मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे आणि आम्ही एकेक साईट उघडून बघायचो. एका साईटवर जागा इतकी थोडी होती की निम्मी गाणीही मावली नसती. दुसरीवर जागा होती, पण मोठी फाईल घेत नव्हती आणि आत्याचं एकेक गाणं लांबलचक. तिसरी सगळ्यात बरी वाटली. जागा भरपूर, फाईल कितीही मोठी चालेल. फक्त खातं बरेच दिवस उघडलं नाही तर सगळं पुसून टाकू, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

"ही नको," मी म्हटलं. "मी विसरले तर?"

"अगं, मी दिवसभर नेटवरच असते," ती म्हणाली. "मी उघडत जाईन. पासवर्ड दोघींना माहीत असू दे. एक विसरली तर दुसरी आहे."

मला हायसं वाटलं. पासवर्ड आम्ही दोघींनी मिळून ठरवला आणि ती हसत हसत टाईप करत गेली. गाणी चढायला फार वेळ लागायचा. मध्येच लाईट जायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ती वैतागली नाही. उरलेली गाणी तिने माझ्या मेमरी कार्डावरून स्वतः बसून चढवली. अशी मैत्रीण असावी, असं मी घरी आईला म्हटल्याचं मला आठवतं.

पुढच्या उन्हाळ्यात खाडीकडच्या गावात नात्यातलं लग्न होतं. आत्याबरोबर मीही हळदीला गेले. आत्याने आत मुलीला हळद लावून गाणी म्हटली, नवरीच्या आईचे डोळे पुसले. दिवेलागणीला बाहेर डीजे सुरू झाला. मांडवापुढे पोरं नाचायला लागली. आम्ही ओटीवर बसून बघत होतो. एक गाणं संपलं, ढोलाचा जोरदार ठेका सुरू झाला आणि त्या ठेक्यावर आत्याचा आवाज आला.

बोळवणीचं गाणं. मुलगी सासरी निघते तेव्हाचं.

मला आधी वाटलं, आत्याच आत गातेय. पण आत्या माझ्या शेजारी बसलेली. मग ठेका थांबला आणि मोठ्या स्पीकरमधून आलं, "थांब गं, पानी दे." पोरांनी एकदम आरोळी ठोकली. ते वाक्य पुन्हा वाजलं, पुन्हा वाजलं, आणि दर वेळी पोरं हातातल्या बाटल्या वर करून तेच ओरडत होती. त्यांना ते पाठ होतं. म्हणजे ते गाणं त्यांनी आधीही ऐकलं होतं.

आत्याने मांडीवरचं हळदीचं ताट खाली ठेवलं. "चल," म्हणाली.

रिक्षात तिने पदराने हातावरची हळद पुसली. मग विचारलं, "पोरी, माजं गानं तू इकलंस?"

"नाही आत्या."

"मंग तुज्या मोबाईलमधलं त्या डीजेवाल्याकडं कसं आयलं?"

मला उत्तर माहीत होतं. मैत्रिणीच्या भावाने त्याच वर्षी साऊंड सर्व्हिस काढली होती. मांडवाबाहेरच्या टेम्पोवर त्याचंच नाव मी येताना वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर न जाता सायबर कॅफेत गेले. ती नेहमीच्या खुर्चीत होती. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "तू काल होतीस ना तिथे? दादा म्हणाला. कसलं भारी वाजतं ना?"

"तू दिलंस त्याला."

"त्याने ऐकलं माझ्याकडे, त्याला आवडलं. त्याचा धंदा नवीन आहे गं. आणि आत्याचंच नाव होईल की."

"आत्याचं नाव कुठे आहे त्याच्यात?"

ती म्हणाली, "तू तर असं बोलतेस जसं काय मी घरातून चोरलं. फुकटच्या साईटवर होतं. फुकटात ठेवलेलं किती आपलं असतं?"

"मी ते साईटच्या विश्वासावर नव्हतं ठेवलं," मी म्हटलं. "तुझ्या विश्वासावर ठेवलं होतं."

तिने माझ्याकडे न बघता खातं उघडलं, सगळी गाणी निवडली आणि पुसून टाकली. "झालं? आता राग सोड." एवढंच. बाजूच्या गिऱ्हाईकाने प्रिंट मागितली तशी ती उठून गेली.

पुसून काय होणार होतं? नाक्यावरच्या मोबाईलच्या दुकानात मी मुद्दाम विचारलं. दुकानदाराने लगेच वाजवून दाखवलं. "कार्ड में डाल दूँ? आजकल यही चल रहा है." मी तिथून निघाले ते रस्ता ओलांडताना एका टेम्पोवाल्याची शिवी खाईपर्यंत मला भान नव्हतं.

मी आत्याला सगळं खरं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. "तुजी चूक न्हाय," म्हणाली. पण मग म्हणाली, "तुज्याकडं हायेत ती पन पूस." मी तिच्यासमोर बसून मोबाईलमधलं आणि कार्डावरचं एकेक गाणं पुसलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती शेवटपर्यंत पडद्याकडे बघत राहिली.

पावसाळ्याच्या आधी आणखी एका लग्नात तिने बोळवणीचं गाणं सुरू केलं आणि मागून कुणी पोरगं ओरडलं, "थांब गं, पानी दे." बायकाही हसल्या. आत्याने गाणं तसंच पुरं केलं, पण त्यानंतर ते तिने कुठल्याही मांडवात म्हटलं नाही. माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. मैत्रिणीला मी पत्रिका दिली नव्हती. ती आली नाही, आणि तिने निरोपही पाठवला नाही. मला त्याचंही वाईट वाटलं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

आता ती गाणी माझ्या वहिनीला येतात. आत्याने तिला दुपारी जवळ बसवून एकेक करून शिकवली. मी माहेरी असले की तेवढा वेळ आत्या मला काहीतरी काम सांगून बाहेर पाठवायची.