एकादशीचे टाको

माझ्या लेकीला गहू कायमचा बंद झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. त्याआधी दोन वर्षं तिचं पोट दुखायचं, जुलाब व्हायचे, आणि शाळेच्या रांगेत ती सगळ्यांत पुढे उभी असायची, कारण उंचीच वाढत नव्हती. जंत, नजर, बाहेरचं खाणं, सगळ्यांना दोष देऊन झाला होता. पूर्वी असल्या दुखण्यासाठी रायपूरकर नागपूर गाठायचे. पण रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून शहरात एकेका अवयवाचे वेगळे डॉक्टर आले होते. त्यातल्या पोटाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बीण घातली आणि सांगितलं, "गेहूं, मैदा, सूजी, सब बंद. जिंदगी भर. एक कण भी नहीं."

घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या अमरावतीकडच्या. भाताच्या मुलखात चाळीस वर्षं राहूनही पोळीशिवाय त्यांचं जेवण होत नसे. त्या म्हणाल्या, "म्हणजे पोळी बी नाही? मंग पोट्टी खाईन काय?"

शेजाऱ्यांचं उत्तर तयार होतं. भात खिलाओ, और क्या! भात ती खायचीच. तिचं खरं दुःख शनिवारचं होतं.

नवऱ्याच्या कंपनीनं पोलाद कारखान्याच्या कामासाठी आम्हाला दोन वर्षं मेक्सिकोत ठेवलं होतं. लेक तेव्हा लहान होती. तिथली मक्याची पातळ टॉर्टिया, तिच्यात शिजवलेला घेवडा, कच्च्या टोमॅटोची झणझणीत चटणी, वर लिंबू, की झाला टाको. परत आल्यावर दर शनिवारी संध्याकाळी आम्ही तेच जेवण मांडायचो. घेवड्याच्या जागी राजमा आणि टॉर्टियाच्या जागी सरळ आपली पोळी. टेबलाच्या मधोमध भांडी, प्रत्येकानं आपला टाको आपण भरायचा. सासूबाई त्याला 'पोळीची पुंगी' म्हणत आणि दोन खात.

गहू बंद झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिघांनी पोळीच्या पुंग्या खाल्ल्या आणि लेकीसमोर वाटीत राजमा-भात आणि चमचा ठेवला. तिनं दोन घास खाल्ले. "मैं बाद में खाऊंगी," म्हणाली आणि उठून गेली. घरात आम्ही मराठी बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, याचा मला एरवी राग येतो. त्या दिवशी रागवायचं सुचलं नाही. पुढच्या शनिवारी हिच्या हातात आमच्यासारखंच काहीतरी घडी घालून खाण्यासारखं द्यायचं, एवढंच मी ठरवलं.

मक्याचं पीठ दळून आणावं म्हणून गेले, तर चक्कीवाले भैया म्हणाले, "दीदी, इसी चक्की में गेहूं पिसता है, झूठ काहे बोलूं." त्या प्रामाणिक माणसाचे उपकार मी अजून मानते. परत येताना रस्त्यात विचार केला, जे चक्कीत जातच नाही त्याचीच भाकरी करायची. म्हणजे भाजीची.

नवा तवा आणला, नवं पोळपाट आणलं, कारण जुन्याच्या भेगांमध्ये वर्षानुवर्षांची कणीक बसलेली. फ्लॉवर किसून वाफवला, धोतराच्या फडक्यात पिळला, थापला. तव्यावरून उचलताना त्याचे नऊ तुकडे झाले. नवरा म्हणाला, "उपमा छान झालाय." कच्ची केळी उकडून चेपली, तर ती गरम असेपर्यंत ठीक होती आणि गार झाल्यावर चपलेच्या तळासारखी झाली. दुधीबद्दल न बोललेलंच बरं. ओटा, मी आणि भिंत, तिन्ही सारखेच माखलेले होते.

सासूबाई खुर्चीत बसून वाटाणे सोलत हे सगळं पाहत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. "काहून एवढा कुटाणा करून राहिली वं? उपासाचं थालीपीठ लाव ना. त्यात कुठी गहू असते?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. या घरात महिन्याला दोन एकादश्या आणि एक चतुर्थी होती, म्हणजे तीन दिवस घरात सगळ्यांसाठी उपासाचंच शिजायचं, गव्हाचा कणही नसायचा, आणि मी फ्लॉवर पिळत बसले होते. उकडलेलं रताळं कुस्करलं, साबुदाणा भाजून मिक्सरमध्ये बारीक केला, मीठ, जिरं घातलं. सासूबाईंनी ओल्या फडक्यावर थापायला शिकवलं, कारण रताळं हाताला चिकटतं. पोळीपेक्षा किंचित जाड, कडेनं तुपाची धार, आणि झाकण. निघालं ते अख्खं, आणि घडी घातली तरी मोडेना. रताळी संपली की लाल भोपळा, तो मात्र आधी आटवून घ्यायचा.

त्या शनिवारी लेकीनं चार टाको खाल्ले. चटणी कोपरापर्यंत ओघळली. आम्हीही सगळ्यांनी तेच खाल्लं, कोणाच्या हातात पोळी नव्हती. मला इतकं बरं वाटलं की मी शेजारणीला बोलावून दाखवलं.

रविवारी सकाळी लेक पोट धरून पडली होती.

पुढच्या शनिवारनंतरही तेच, त्याच्या पुढच्यालाही. एरवीही थोडंफार दुखायचं, पण रविवार वाईट जायचा. डॉक्टर म्हणाले, "कहीं से गेहूं जा रहा है. देखिए." मी घर उलटंपालटं केलं. बिस्किटं, सॉस, शाळेतला डबा, सगळं तपासलं. तिचं वजन वाढायच्या ऐवजी सातशे ग्रॅमनं उतरलं.

असल्याच एका रविवारी सासूबाई म्हणाल्या, "एक सांगू? तुह्या शनिवारी पोरीचं दुखते. माह्या एकादशीले नाही दुखत."

मला तो टोमणा वाटला. मी तापट आहे, हे माझं माहेर आणि सासर दोन्ही सांगेल. मी म्हणाले, "आई, तुमच्या ताटातली पोळी तिला कोण देतं? लाडानं देत असाल एखादा घास. डॉक्टर म्हणाले ना, कुठून तरी गहू जातोय!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी पोळी सोडली. मी करून वाढली तर म्हणायच्या, "नको, भातच बरा." अमरावतीची बाई, बहात्तर वर्षांची, दोन्ही वेळा भात खाऊ लागली, आणि मी मनात म्हणाले, बघा, चोराच्या मनात चांदणं.

तीन आठवडे असे गेले. लेकीचं दुखणं तसंच होतं.

मग एका शनिवारी दुपारी मी राजमा शिजवायला घेतला तेव्हा सासूबाई चष्मा लावून खुर्ची ओट्याजवळ घेऊन आल्या. "आज मले पाहू दे, तू काय काय टाकते. हळू टाक." मला राग आला होता, पण मी हळू टाकलं. त्या एकेका गोष्टीवर निकाल देत गेल्या. मीठ? एकादशीले चालते. जिरं? चालते. मिरची चालते. जे चालत नाही ते त्यांनी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं. कांदा, लसूण, टोमॅटो, हळद, हिंग. स्वतः राजमासुद्धा.

"राजमा तू निवडून, धुऊन घेते. कांदा-लसूण मातीतून येते, टमाटर झाडाले लागते. हळद आपण घरी कुटतो." राहिली हिंगाची पिवळी डबी. त्यांनी ती उचलली. पोथी वाचायचं भिंग मागवलं. आणि डबीच्या मागची बारीक हिंदी एकेक अक्षर लावत वाचली. "गोंद. गेहूं का आटा. हिंग."

मी डबी हिसकावून घेतली. तसंच लिहिलं होतं. बिस्किटांच्या पुड्यावरचं अक्षर न् अक्षर मी वाचलं होतं, पण हिंगाची डबी कोण वाचतं? राजम्यानं पोटात वारा धरू नये म्हणून मी त्यात हिंग चिमटीनं नाही, चमच्यानं घालत होते. रोजच्या वरणात थोडा, शनिवारी भरपूर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी माझ्याच घरात करून दाखवलं होतं.

हिंग त्याच क्षणी घराबाहेर गेला. भांडी घासली, मिसळणाचा डबा उकळत्या पाण्यातून काढला. राजम्यात ओवा टाकला, तोसुद्धा एकेक दाणा निवडून. जेवणं झाली. रात्रभर मी उठून उठून लेकीला पाहत होते, कारण रविवार उजाडायचा होता.

रविवारी लेक उठली, दात घासले, आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आई, भूख लगी है. कल वाला बचा है क्या?" सकाळी उठून आपणहून खायला मागितलं, असं किती महिन्यांत झालं नव्हतं ते मी आठवत उभी राहिले. तोवर तिनं गार थालीपीठ हातात घेऊन खायला सुरुवातही केली होती.

मी सासूबाईंच्या खोलीत गेले. "आई, मी तुमच्यावर नको तो आळ घेतला. माझं चुकलं. तुम्ही मला तेव्हाच दोन थोबाडीत का नाही मारल्या?"

त्या पलंगावर माळ घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "कोणत्या तोंडानं मारू? राजम्यात हिंग टाकाले तुले शिकवलं कोणं? मीच ना." मग माळ बाजूला ठेवत, "पोळी सोडली ती रागानं नाही वं. मले वाटे, माह्याच हाताले लागलेला कण तर नसन जात पोटात."

त्यांनी इतके दिवस स्वतःवरच संशय घेतला होता. सण नव्हता, वार नव्हता, मी खाली वाकले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते तिथून उचलवेना.

"उठ," त्या म्हणाल्या, "पोट्टी अजून मांगून राहिली. तवा ठेव."