रोज बरोबर अकरा वाजता

मी तापट आहे, हे आधीच सांगते. जयपूरला बदली झाली तेव्हा तर राग नाकाच्या शेंड्यावर घेऊनच आले. नवऱ्याची बँक आणि माझी विम्याची कचेरी दोन्ही शहरातल्या सी-स्कीम भागात. नऊला दोघंही बाहेर पडायचो आणि घरात सासूबाई एकट्या. त्या साताऱ्याकडच्या, हिंदी निम्मीशिम्मी कळायची, बोलता मुळीच यायची नाही.

त्या वर्षी कॉलनीत भरदिवसा दोन-तीन घरं फुटली, म्हणून पोलीस चौकीने एक नवी पद्धत काढली. ज्या घरात दिवसा म्हातारं माणूस एकटं असेल तिथे फाटकाच्या आत एक वही टांगायची. गस्तीच्या हवालदाराने रोज एकदा यायचं, विचारपूस करायची आणि वेळ घालून सही करायची. आमच्याकडेही वही लागली. मी म्हटलं, चला, यांना काहीतरी सुचलं.

आमचा हवालदार जयपूरजवळच्या चौमू गावाकडचा, पन्नाशी ओलांडलेला, झुपकेदार मिशांचा. सायकलवरून यायचा, कधी दहाला, कधी तीनला, कधी साडेबाराला. सासूबाईंना ते खपेना. एकदा पूजेत आला, एकदा नुकता डोळा लागला होता तेव्हा आला. "ह्ये काय, वाटंल तवा उगवायचं? मानसाला कायतरी वेळकाळ?" असं त्यांनी त्याला मराठीतच झापलं आणि आत नेऊन भिंतीवरच्या घड्याळात अकरावर बोट ठेवलं. "अकराला या. चहा तयार असतोय."

तो बिचारा अकराला यायला लागला. व्हरांड्यात मधुमालतीच्या आड खुर्ची, चहा, कधी थालीपीठ. त्या मराठीत बोलायच्या, तो त्याच्या गावाकडच्या बोलीत. त्याच्या म्हशी, त्याच्या लेकींची लग्नं, सासूबाईंचे गुडघे, सगळे विषय व्हायचे, आणि साडेअकराला तो उठायचा. सहा-सात महिन्यांत त्याला त्यांचं मराठी चांगलं समजायला लागलं. संध्याकाळी सासूबाई मला सगळी हकिकत सांगायच्या. मी भाजी चिरता चिरता "हं, हं" करायची, खरं सांगायचं तर कान निम्मे.

एका रविवारी मी वही चाळली. ओळीने अकरा, अकरा, अकरा. अहाहा, काय आनंद झाला मला! माझा सगळा जन्म कचेरीत रजिस्टरं तपासण्यात गेलेला. पोलीस ठाण्याला कौतुकाचं पत्रच पाठवलं, की आपला हवालदार रोज न चुकता बरोबर अकरा वाजता येतो, इतरांनी याचा आदर्श घ्यावा. नसती हौस, दुसरं काय.

महिनाभरात मागच्या गल्लीतलं घर फुटलं, सव्वाअकराला. टीव्ही गेला, सिलिंडर गेला, चांदीची भांडी गेली. चोर आठवड्यात सापडले आणि त्यांनी सरळ सांगितलं की हवालदार त्या वेळी कुठे चहा पीत बसतो हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी हवालदार आला तो बसला नाही. फाटकातूनच सासूबाईंना म्हणाला की उद्या साहेबांसमोर उभं राहायचंय, बहुतेक लाइन हाजिर करतील. म्हणजे गस्त काढून घेऊन पोलीस लाइनीत नुसतं बसवून ठेवायचं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती त्याची, आणि नोकरीवर डाग. सासूबाईंना रात्री जेवण गेलं नाही. "मला तितं घिऊन चल," एवढंच म्हणाल्या. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ऑटो केली.

थानेदार तरुण होता, बोलायला नम्र. टेबलावर आमची वही आणि तिच्यावर माझं पत्र. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तो म्हणाला, मॅडम, गस्तीवर चोर क्वचितच हाती लागतो. पोलीस आत्ता येईल की मग येईल हे चोराला कळता कामा नये, गस्तीचा उपयोग तेवढाच. यांनी तर टाइमटेबल लावून दिलं. खरंच होतं.

सासूबाई उभ्या राहिल्या. "सायेब, त्याचा दोष न्हाई. वेळ म्या ठरवली, चहा म्या पाजला." मी हिंदीत सांगितलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्यो उठायचा, तर मीच कायबाय काढून बसवून ठेवायची. दिसभर माज्याशी बोलणारं दुसरं कोण हाय?"

घरात खायला-प्यायला सगळं आहे, त्यांना काही कमी नाही, अशी माझी समजूत.

"क्या कह रही हैं माताजी?" थानेदाराने विचारलं.

मी ते हिंदीत सांगितलं नाही. तेव्हा कोपऱ्यात ताठ उभा असलेला हवालदार बोलला, "साहब, मांजी कह रही हैं कि बहू बहुत खयाल रखती है। ग़लती मेरी है, वक़्त मुझे बदलना चाहिए था।"

त्याला सगळं कळलं होतं. ते वाक्य त्याला वाचवणारं होतं, आणि नेमकं तेच त्याने गिळलं, माझी अब्रू झाकायला. अशा माणसाला मी माझ्या पत्राने इथवर आणलं होतं.

"नहीं साहब," मी म्हटलं, "ये झूठ बोल रहे हैं." आणि सासूबाईंचं वाक्य शब्दन् शब्द हिंदीत सांगितलं. थानेदाराने वही मिटली. मग हवालदाराला म्हणाला, या वेळी ताकीद देतोय, उद्यापासून रोज वेगळी वेळ.

बाहेर पडताना सासूबाईंनी माझा हात धरला आणि घरी पोचेपर्यंत सोडला नाही.