पिशवीतल्या चपला

कलामायनं बारा वर्षांत एकदाही साक्ष दिली नव्हती. आमची ख्रिस्ती मंडळी हेमराजभाऊंच्या घरी भरते. दर रविवारी गाणी झाली की ते विचारतात, "कोणाले साक्ष द्यायची हाय?" मग कोणीतरी उठतं आणि हप्त्याभरात प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. ताप उतरला, पोराला नोकरी लागली, नवऱ्याची दारू सुटली. साक्ष नेहमी जिंकूनच संपायची आणि सारे हालेलुया म्हणायचे. कलामाय मात्र दाराजवळ बसून लोकांच्या चपला जोडीनं लावत राहायची. आग्रह केला की म्हणायची, "माही कायची साक्ष वं बाप्पा! माह्यासंगं काई झालंच नाई." मीही मनात म्हणायचे, हिच्याजवळ काय असणार सांगायला? माझं तोंड तिखट, मन त्याहून तिखट.

ती मूळची मोहगावची. इथं पांढुर्ण्यात संत्र्याच्या मंडीत छाटणी करते. मोठं फळ वेगळं, लहान वेगळं, डागी वेगळं. नवरा मोतीराम गेला तेव्हा भाऊबंद कोणी फिरकले नाहीत. हेमराजभाऊंची बायको अमिता मात्र दहा दिवस रोज भाताचा गंज घेऊन तिच्या दारी जायची. तेव्हापासून कलामाय आमच्यात आली. तिला पोरबाळ नाही, रविवारचं हेच एक घर.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी हेमराजभाऊंच्या फाटकापाशी दोन मोटरसायकली थांबल्या. तीन पोरं उतरली. मोबाइल काढून त्यांनी आधी बाहेरच्या चपलांचा व्हिडिओ घेतला, मग दाराचा, मग आमचा. "किती जण हाय अंदर? कोणाकोणाचा धर्म बदलवून राहिले?" एकानं विचारलं. "कोणाचाच नाई भाऊ, प्रार्थना करून राहिलो," हेमराजभाऊ हात जोडून म्हणाले. पोरं हसली आणि गेली. झालं एवढंच.  पण मी अंगणवाडीत मदतनीस आहे, काम सरकारी. कोणी तक्रारीचा एक अर्ज टाकला तर माझं काय? त्या हप्त्यात जो तो धर्मांतराच्या कायद्याचंच बोलत होता, कोण किती वर्षं आत जाऊ शकतं ते. खरं कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून भीती जास्त.

पुढच्या रविवारी बत्तीसाचे अकरा झाले. कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण ठरलं की चपला बाहेर ठेवायच्याच नाहीत. बाहेर चपला नाहीत तर आत माणसं आहेत हे कळणार कसं? मग काय, सारे जण घडी केलेली पिशवी काखेत मारून यायचे आणि आत चपला पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसायचे. काय हुशार आम्ही! पिशव्यांच्या तिसऱ्याच रविवारी शेजारची वृषाली मला गल्लीत म्हणाली, "काय वं करुणा, दर इतवारी दहा वाजता सारे रिकाम्या पिशव्या घेऊन कुठी जाता? बाजार तं तिकडं हाय." मी हसले. पिशवी मात्र पदराआड घेतली.

त्याच रविवारी हेमराजभाऊंनी दार लावलं, खिडकी लावली. ढोलक नाही, टाळी नाही. गाणं असं की शेजारच्याचा शब्द शेजारच्याला ऐकू येऊ नये. मग भाऊ खाली पाहत म्हणाले, "पुढच्या इतवारपासून बंद करू. आपापल्या घरी प्रार्थना करा. मले लेकरं हायेत." कोणी नाही म्हटलं नाही. मला तर सुटल्यासारखंच वाटलं, खोटं कायला बोलू? मग सवयीनं भाऊंच्या तोंडून निघालं, "कोणाले साक्ष द्यायची हाय?"

कलामाय उठली. पिशवी छातीशी धरलेली.

"म्याच सांगतलं त्या पोराइले," ती म्हणाली.

आम्हाला कळेना. मग तिनं सांगितलं. दिवाळीआधी ती मंडीत छाटणी करत होती, तेव्हा ती पोरं तिथं आली होती. त्यांनी विचारलं, आजी, इतवारी कुठी जाते? "मले भेव लागला. काम जाईन वाटलं. म्या म्हनलं, मी नाई जी त्याइच्यातली. मी तं हेमराजच्या घरी झाडझूड कराले जातो. थे लोक धा वाजता जमतात. बोट करून गल्ली दाखोली म्या." तिनं पिशवी आणखी जवळ ओढली. "तवापासून घास उतरत नाई. हाकलून देसान तं द्या. मले दुसरं दार नाई, पन हे पोटात ठेवून तुमच्यात बसवत नाई. ही जिंकल्याची साक्ष नाई बाप्पा. मंडीत म्या प्रभूले सोडलं. त्यानं मले नाई सोडलं, म्हनून आज उभी हाय. भेव आताबी लागून राहिला."



माझं डोकं असं तापलं! म्हातारे, तुझ्यापायी आम्ही महिनाभर जीव मुठीत धरून बसलो? शब्द अगदी ओठावर आले होते. आणि मला मंगळवार आठवला. अंगणवाडीत बाईंनी सहज विचारलं होतं, करुणा, रविवारी असतेस कुठे? मी पटकन म्हटलं होतं, तिगावला, माहेरी, आईची तब्येत बरी नाही. माझ्या आईला जाऊन तीन वर्षं झाली. मेलेल्या आईला मी आजारी पाडलं होतं, आणि या म्हातारीवर ओरडायला निघाले होते.

"मीबी खोटं बोलली," मी बसल्या जागी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. अमिता रडायला लागली. हेमराजभाऊ रिकाम्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "भिंतीवरचा क्रूस पिठाच्या डब्यात हाय. म्या लपोला." कलामायला कोणी हाकललं नाही. पण पुढच्या रविवारचं काय, ते विचारायची हिंमतही कोणाला झाली नाही.

तेवढ्यात गल्लीत मोटरसायकल आली आणि फाटकापाशी थांबली. इंजिन सुरूच. आम्ही अकरा जण दगड झालो. अमितानं तोंडावर पदर दाबला.

कलामायनं पिशवीतून चपला काढल्या. कडी काढली, दार उघडलं आणि चपला बाहेर पायरीवर ठेवल्या. मग आपल्या नेहमीच्या जागी, दाराजवळ बसली.

माझ्या चपलांना निळे पट्टे आहेत. अख्खी गल्ली ओळखते त्यांना. मी पिशवी आवळून धरली. उठू नको करुणा, उठू नको, असं स्वतःला म्हणत म्हणतच उठले. भिंत धरत दाराशी गेले. मोटरसायकलवर कोण आहे ते मी पाहिलं नाही, पाहायची छातीच नव्हती. खाली पाहत मी चपला कशातरी टाकल्या, एक उलटी, एक तिरपी, आणि आत पळाले.

कलामायनं वाकून त्या सरळ केल्या आणि आपल्या चपलांशेजारी जोडीनं लावल्या.